दोन कागद

भिकन गिरणीवाल्याची पूनम आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत कुणाला नमस्कार करायची नाही. आधी नाक मोजायची. दळणाला आलेल्या बाईच्या डोक्यावर डबा तसाच, आणि ही तिच्या कानाच्या पाळीला फूटपट्टी लावून उभी. "अक्का, हलू नका, माप चुकतं."

पुण्याला ती जैविक मानवशास्त्र शिकत होती. भिकन गिऱ्हाइकांना सांगे, "पोरगी माणसं मोजस."

"मोजीसन काय करस? बाजारमा इकस का?" गिऱ्हाईक विचारी. भिकन गिरणी चालू करी.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने गल्लीतल्या एकूण एक, बठ्ठ्या जिभा तपासल्या. प्रत्येकाला दोन कागद चाखायला दिले. एकाला औषध लावलेलं. ते काहींना कडू लागतं, काहींना अजिबात नाही, आणि हे आईबापाकडून येतं म्हणे. दुसरा नुसता कोरा. कोणता कुठला, हे ती सांगायची नाही.

मला दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून चव कळत नव्हती. कुणाला बोललो नव्हतो. हिवाळ्यात गल्लीच्या भरिताचं तेल-मीठ माझ्याच हातून पडतं. तेवढाच माझा मान उरला होता. मी दोन्ही कागदांना तोंड वाकडं केलं. "कडू जहर." पूनमने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं.

महिन्याने भरीत होतं. मी पातेल्यात मीठ घालत होतो, लोक ताटं घेऊन बसले होते. पूनम फोन घेऊन आली. चेहरा पांढरा.

"नाना, कॉलेजच्या बाईंना वाटतंय मी घरी बसून आकडे भरले. तुमच्या नोंदीवर अडलंय. मी कागद दिले होते एवढंच सांगा. नाहीतर वर्ष जाईल माझं."

स्पीकर चालूच होता. "आजोबा, कोऱ्या कागदालाही कडू म्हणालात का तुम्ही?"

शेजारचा रघू ताट वाजवत म्हणाला, "नाना, कोरा कागद कडू लागना का तुमले?"

"मला तिने कागद दिलाच नाही," मी म्हणालो.

पूनमने फोन बंद केला. आता ती सगळं बोलणार, म्हणून मी पातेल्यात बघत राहिलो. ती वाकली, भरिताला बोट लावलं, चाखलं. मग खिशातून टेप काढून माझ्या पाठीमागे उभी राहिली.

"नाना, हलू नका," मोठ्याने म्हणाली. आणि कानाशी, "मीठ दोनदा पडलंय. अजून चार वांगी घाला."

तिचं वर्ष गेलं. सगळं पुन्हा मोजून ती यंदा पास झाली. गल्ली अजून म्हणते, पहिल्यांदा पोरीने खोटं लिहिलं होतं. ती ऐकून घेते. दर भरिताला मात्र येते, बोट लावून चाखते, टेप लावते. माझी उंची दरवेळी तेवढीच भरते. लोक हसतात.

हे लिहिलेलं मी बाईंना पाठवतोय. एक प्रत उद्या गिरणीच्या दारावर लावीन, भरिताच्या आधी. पूनमने मला दोन कागद दिले होते. मला एकाचीही चव लागली नाही.