वरवंट्याचं जहाज

भिलाईतल्या रिसालीच्या संग्रहालयातून कोणतीही वस्तू अधिकृत नावाशिवाय बाहेर जात नाही. हा नियम वस्तूंच्या भल्यासाठीच आहे. अधिकृत नावं 'वारसावस्तू प्रमाणित शब्दसूची'तून घ्यायची असतात. ती सूची समुद्रकाठच्या तज्ज्ञांनी केली आहे, आणि भिलाईपासून समुद्र फार लांब असल्यामुळे इथे तिच्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

मृणालच्या सासूबाईंनी, सिंधुताईंनी, घरचा वरवंटा मोठ्या हौसेनं तिथल्या प्रदर्शनाला दिला होता. आता नातीचं बारसं तोंडावर आलं. टोपडं घातलेला वरवंटा आधी पाळण्याखालून फिरवायचा, मग बाळाचं नाव ठेवायचं. वरवंटा नाही तर बारसं नाही, आणि बारसं नाही तर नाव नाही. हा सासूबाईंचा नियम. लेकीला खांद्याशी धरून मृणाल त्यांच्यासोबत संग्रहालयात गेली.

"सूचीत वरवंटा नाहीच," अधिकारी शालिकराम म्हणाले. "जवळचा शब्द लावला. जहाजाचा दगडी नांगर."

"तुमच्या घरी नांगरानं चटनी वाटते का हो भाऊ?" सिंधुताईंनी विचारलं.

"मी काय करू काकू? कंप्यूटर आयकतच नाही. अन् नांगर जहाजमालकालेच वापस देता येते. जहाज कुठी आहे तुमचं?"

बाळ भुकेनं कुरकुरत होतं. "घरी आहे," मृणाल बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी शालिकराम नांगर पिशवीत घालून पाहणीला आले. त्यांनी पाळणा बघितला. लाकडी, दोरांनी बांधलेला, डोलणारा. ओल्या तळाला हात लावून त्यांनी नोंद केली: 'नौका, लहान, गळती असलेली.'

"आतमंदी काय आहे?"

"माझी पोरगी आहे!"

"सूचीत दोनच शब्द आहेत. खलाशी, नाहीतर माल. माल असन तर जमा करा लागन."

"खलाशी!" मृणालनं बाळाला उचलून छातीशी धरलं.

"नाव?"

"नाव ठेवाले तर वरवंटा मागून राहिली मी!" सिंधुताई कडाडल्या. "कावून डोकं खाता? आना इकडे!"

त्यांनी पिशवीतून वरवंटा काढला, टोपडं चढवलं, पाळण्याखालून फिरवला. मृणालची नणंद हर्षा बाळाच्या कानात कुर्रऽऽ करून म्हणाली, "उन्नती!" दूध पाजता पाजता मृणालनं कितीदा तरी मनातल्या मनात हाक मारून बघितलेलं नाव. तिचे डोळे भरून आले.

शालिकरामांनी सूची चाळली. "उन्नती नाही इच्यात. जवळचा शब्द लावतो. डोलकाठी."

"डोलकाठी?"

"मंग माल लिहू का?"

मृणालनं डोलकाठीच्या आईच्या जागी सही केली.

हसा, खुशाल हसा. पण मग आपल्या ओळखपत्रावरचा फोटो जरा बाहेर काढा. तो कोण आहे ते तुमच्या आईलाही सांगता येणार नाही, आणि तुम्ही मात्र प्रत्येक खिडकीवर मान लववून सांगता, "हो साहेब, हा मीच."