इब्राहिमची फायनल एक्झिट

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कंपनीत दाऊदभाई कामगारांच्या फायली सांभाळतात. त्यांच्या इथल्या खोलीतल्या कपाटात मात्र एक फाईल अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची आहे. नाव: इब्राहिम. गाव: रत्नागिरीजवळचं बंदर. हुद्दा: खलाशी. कफील: व्हर्जिनियातला तंबाखूचा मळेवाला. इकामा: नाही. फायनल एक्झिट: कोरं. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राबतो तो मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना आणि फायनल एक्झिट म्हणजे कायमचं घरी जायची परवानगी.

इब्राहिम त्यांचा नऊ-दहा पिढ्यांमागचा पूर्वज. गावी बायको-पोरं ठेवून गोऱ्यांच्या जहाजावर चढला तो थेट अमेरिकेत, इंग्रजांच्या अमलात, कुणाच्या तरी मळ्यावर राबायला लागला. दाऊदभाईंनी हे जहाजांच्या याद्या इंटरनेटवर चाळून काढलं.

"कागद खोटा बोलत नाय," हे त्यांचं पालुपद. शुक्रवारी दुपारी मी गेलो की डाव्या हाताच्या सहा बोटांत कप धरून ते चहा पुढे करतात आणि इब्राहिमबद्दल असं बोलतात, जणू तो दुसऱ्या शिफ्टच्या बसनं उतरणार आहे.

"कफील लय हलकट. पासपोर्ट दाबून बसला."

"तेव्हा पासपोर्ट नव्हते हो, दाऊदभाई."

"मग माणूसच दाबला असल."

खिडकीबाहेर धुळीत समुद्र आणि आभाळ एक झालेलं असतं. पलीकडे कुठला किनारा आहे, ते मलाही मग सांगता येत नाही.

गावी त्यांची बायको रेहाना एकटी असते. फोनवर तिचं एकच वाक्य: "तुमच्या घराण्यात गेलेला माणूस परत येत नाय." तीस वर्षं दाऊदभाई स्वतःच्या फायनल एक्झिटचा अर्ज भरतात आणि खणात ठेवून देतात.

परवाच्या शुक्रवारी चहा नव्हता. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जुन्या वर्तमानपत्रात मळेवाल्याची जाहिरात होती: हिंदुस्थानकडचा नोकर पळाला आहे, डाव्या हाताला सहा बोटं, बंदराकडे गेला असावा, कुठल्याही कप्तानानं त्याला जहाजावर घेऊ नये.

"बंदराकडे," दाऊदभाई म्हणाले. "जंगलात नाय. बंदराकडे."

त्यांनी इब्राहिमची फाईल उघडून फायनल एक्झिटच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: अर्ज केला होता. मग गावी फोन लावून माझ्या हातात दिला.

"तुम्ही सांगा तिला. मला बोलवत नाय."

मी स्पीकर लावून सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही?" रेहानाभाभींनी नवऱ्याला विचारलं.

दाऊदभाईंनी खणातला अर्ज काढला, सही केली, आणि मगच उत्तर दिलं.

"येतो."