हिमोढ हटवण्याची नोटीस

एप्रिलचा दुसरा मंगळवार: पहिली नोटीस. मेचा पहिला सोमवार: दुसरी. जूनचा शेवटचा शुक्रवार: सुनावणी. जबाबदार व्यक्ती: नेपरव्हिलमधील आमच्या वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष, चिटणीस आणि इतरांची हिरवळ पट्टीने मोजणारे एक सदस्य. आरोपी: माझे शेजारी जोगळेकर. गुन्हा: परसात दगडगोट्यांचा ढिगारा.

हा 'ढिगारा' म्हणजे उत्तर अलास्कातील एका हिमनदीच्या दरीची प्रतिकृती. निवृत्त इंजिनिअर जोगळेकरांनी ती दोन उन्हाळे खपून रचली आहे. त्यांना आता दुसरे काही दिसतच नाही. श्रीखंडात चमचा फिरवतानाही सांगतात, "नदी कापते ती दरी व्ही, हिमनदी खरवडते ती यू!" हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग लोटून जाते. मी तक्रार लिहायला बसतो. हे टाळी वाजवतात. "हिमोढ, काळे! काय सुरेख वळलाय!"

नोटिशीला जोगळेकरांच्या वतीने मी सात पानी उत्तर दिले. मुख्य मुद्दा एकच: सदर वस्तू ढिगारा नव्हे. सुनावणीत अध्यक्षांनी विचारले, "मग हे पुढचे दगड म्हणजे काय?"

जोगळेकर आनंदाने उठले. "मोरेन! म्हणजे हिमोढ! हिमनदीने आणून टाकलेला ढिगाराच तो!"

जुलैअखेरपर्यंत सर्व हटवण्याचा आदेश झाला.

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" मी बाहेर विचारले.

"भूगोलाच्या."

रविवारी सकाळी उरलेले खडे बोल सुनावण्यासाठी मी त्यांच्या परसात गेलो. ते दरीपाशी उकिडवे बसले होते. फोनवर ऋचा, त्यांची मुलगी. जन्म इथलाच, वडिलांना आयुष्यभर इंग्रजीत एका शब्दाचे उत्तर देणारी. सध्या ती त्याच दरीत बर्फ मोजते आहे.

"बाबा, वी मूव्ड द कॅम्प. हिमोढच्या... डावीकडे. लोंबती दरीच्या खाली."

"लोंबत्या," जोगळेकर हळूच म्हणाले आणि बाजूच्या उंच, अधांतरी दरीखाली दगडांमधले एक लाल बटण त्यांनी बोटभर सरकवले. ते बटण म्हणजे तिचा तंबू.

फोन संपला. "हे शब्द तिने स्वतःहून मागितले, काळे," ते म्हणाले. "पोळी-भाजीचे कधी मागितले नव्हते."

मी घरी परतलो आणि समितीला हा अर्ज लिहायला बसलो. सबब, माझी मागणी एवढीच: समितीने येत्या सभेत, सर्व रहिवाशांसमोर, उभे राहून उत्तर द्यावे. ढिगारा हटवल्यावर पुढच्या रविवारी जोगळेकरांनी ते लाल बटण कुठे ठेवायचे?