बाविसावं निनावी पत्र

संगणकातलं मला सगळं कळतं! हे मी म्हणत नाही, माझं सर्टिफिकेट म्हणतं. सहा आठवड्यांचा कोर्स करून मिळवलेलं ते सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. समोरच्या माणसाला सरळ वाचता यावं म्हणून माझ्या बाजूने उलटं! २००४ साली आमच्या मिरजोळ्याच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कोणाचाही माऊस अडला की हाक एकच, "गुरुप्रसाद!" मग मी जाऊन मशीन बंद करायचो आणि पुन्हा चालू करायचो. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागायचं. दहाव्या वेळी मी जेवायला गेलेलो असायचो.

त्या वर्षी आमच्या ऑफिस मॅनेजरची जागा रिकामी झाली. काचेची केबिन, एसी आणि गोल फिरणारी खुर्ची! जेवणाच्या सुट्टीत मी तीत बसून दोन गिरक्याही घेऊन आलो होतो. बायकोने तर "ह्यांचं नक्की झालंय" असं शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. म्हणजे आता माघार नव्हती.

अशात आमचे मालक गफूरशेठ दुबईला मुलाकडे, नबीलकडे, महिनाभर राहून आले आणि येताना एक खूळ घेऊन आले.

"तिकडे नोकर मालकाच्या चुका लिहून देतात!" शेठ सगळ्यांना उभं करून म्हणाले. "नाव न घालता! मलाही कळू दे माझं काय चुकतं. प्रत्येकाने एक पान लिहायचं. हाताने नको, अक्षर ओळखू येतं. कॉम्प्युटरवर लिहा. गुरुप्रसाद सगळी पत्रं एका फ्लॉपीत गोळा करून मला देईल."

ऑफिसात आम्ही बावीस जण. पहिला दिवस सगळे एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी स्टोअरवाला महिपत एका बोटाने टाईप करायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून बाकीच्यांनाही चेव आला. जो तो आपापल्या मशीनवर तुटून पडला!

मी काय लिहिलं? इथेच तर डोकं लागतं राव! एकवीस तक्रारी वाचून शेठ तापणार. मग त्यांच्या हाती माझं बाविसावं पत्र पडणार. "शेठ, आपलं काहीच चुकत नाही. आपण हापूस, आम्ही सगळे रायवळ. आपल्या सावलीत आम्ही पिकलो." शेठ गहिवरणार, विचारणार, "कोण हा हिरा?" आणि मी पुढे होऊन, मान खाली घालून म्हणणार, "मीच तो." की खुर्ची आपली!

ऑफिसात कोणी मागून डोकावू नये म्हणून हे पत्र मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन टाईप केलं. त्या मशीनवर कोणाचंच नाव घातलेलं नव्हतं. आणलं आणि गुपचूप फ्लॉपीत टाकून दिलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अजरा ओरडली.

अजरा आमची एक्स्पोर्टचे कागद बघणारी. फारशी बोलत नाही, पण बघते सगळं. तिने आपल्या फाईलवर उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज उघडल्या, आणि तिथे लिहिणाऱ्याचं नाव ठळकपणे हजर!

"आपण नाव घातलं नाही, पण मशीनने घातलंय!" ती म्हणाली. "ज्याच्या मशीनवर लिहिलं, त्याचं नाव!"

ऑफिसात पळापळ झाली. महिपतने स्वतःची फाईल उघडून घेतली आणि कपाळावर हात मारला.

"अरे मेल्या, माझां नाव हितं कुठनं आलां? मी शेठच्या नाकावर लिवलंय रे! आता काय खरां नाय! पोरीचं लगीन आलंय तोंडावर!"

"घाबरू नका!" मी काचेखालच्या सर्टिफिकेटवर हात ठेवून म्हणालो. "मी आहे ना!"

दार लावून मी कामाला बसलो. फाईल उघडायची, नाव पुसायचं, सेव्ह करायचं, बंद करायचं. पुढची फाईल! उघडलीच आहे तर दोन ओळी वाचायच्या. डोळे मिटून थोडंच पुसता येतं! कोणी लिहिलं होतं, "शेठचे विनोद पाच आहेत. पाचही पाठ झाले. हसून हसून गाल दुखतात." कोणी संडासाच्या तुटक्या कडीवर पानभर रडलं होतं. आत बसून गाणं म्हणावं लागतं, असं त्यात होतं. अजराने एकच ओळ लिहिली होती, "शेठ आमची रजा नामंजूर करतात आणि स्वतः महिनाभर दुबईला जातात." एकवीस फायली आंघोळ घातल्यासारख्या लख्ख केल्या! बाविसावी माझी. ती मुळातच स्वच्छ, तिला हात लावायची गरजच नव्हती. फ्लॉपी शेठच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर येऊन सगळ्यांकडून चहा उकळला.

दोन दिवसांनी शेठचं बोलावणं आलं. एकट्या मला! मी आरशात भांग पाडला. आत गेलो तर शेठ कॉम्प्युटरकडे टक लावून बसलेले.

"बस. गुरुप्रसाद, एकच विचारतो. हे तू लिहिलंस?"

ओळखलं! न सांगता ओळखलं! मी मान खाली घातली. "हो शेठ. मीच तो."

"सगळं?"

"शब्द न् शब्द!"

"भीती नाही वाटली?"

"खरं लिहायला भीती कसली, शेठ?"

"आणि माझं नाक?"

माझ्या पत्रात नाक नव्हतं. पण स्तुती करायला बसल्यावर नाकाला तरी का वगळा?

"शेठ, तुमचं नाक म्हणजे कारखान्याची शान!"

"शान? मग हे काय?" शेठ वाचायला लागले. "'शेठ वास घेऊन पल्प पास करतात. शेठना बारमाही सर्दी. म्हणजे आपला माल देवाच्या भरवशावर.'"

हे महिपतचं!

शेठनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. "नबील फोनवर म्हणाला, प्रॉपर्टीजचं दुसरं पान उघडून बघा. फाईलला शेवटचा हात कोणाचा लागला ते तिथे असतं. बघितलं. एकवीस फायली, एकवीस वेळा तुझं नाव!"

पहिल्या पानावरची नावं मी पुसली होती. पण फाईल सेव्ह करणाऱ्याचं नाव मशीन दुसऱ्या पानावर आपोआप टिपून ठेवतं, हे बहुतेक कोर्सच्या सातव्या आठवड्यात शिकवत असावेत! दर वेळी दुसऱ्याचं नाव काढताना मी स्वतःचं घालत बसलो होतो.

खरं सांगावं, तर कोणाचं पत्र कोणतं ते सांगावं लागणार. काचेपलीकडे महिपत हात जोडून उभा होता. मला की देवाला, कळत नव्हतं. मी मोठ्या मनाने गप्प राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे माझा हिशेब वेगळाच चालला होता. खुर्ची गेली, आता नोकरीही जाणार! बायको शेजारणीला काय सांगणार?

आणि शेठ हसले. खदखदा हसले!

"बाकीच्यांची लिहायची छाती नाही, म्हणून सगळ्यांच्या वाटणीचं एकट्याने लिहिलंस! वर तोंडावर कबूल केलंस! अरे, असा माणूस मी वीस वर्षं शोधतोय. उद्यापासून मॅनेजर तू!"

मी उठून शेठच्या पायाच पडणार होतो.

"थांब," शेठचा आवाज बदलला. "पत्रं बावीस आहेत. एकावर तुझं नाव नाही. कोणाचंच नाही. ऐक. 'आपण हापूस, आम्ही सगळे रायवळ.' शी! वाचून मळमळलं मला. असला चमचा माझ्या कारखान्यात नको. मॅनेजर म्हणून तुझं पहिलं काम. त्याला शोधायचा आणि मंडणगडच्या गोडाऊनवर पाठवायचा. तिथे माकडांना म्हणावं हापूस!"

त्यांनी बदलीची ऑर्डर पुढे सरकवली. खाली त्यांची सही झालेली होती, नावाची जागा तेवढी कोरी होती.

खुर्ची छान फिरते. दर सोमवारी शेठ दारातून डोकावतात. "सापडला?"

"शोधतोय, शेठ. फार हुशार दिसतो," मी म्हणतो. ऑर्डर माझ्या खणात आहे, कुलूप लावून.

पहिल्याच आठवड्यात अजरा केबिनमध्ये आली. हातात रजेचा अर्ज होता.

"सर, बावीस माणसं, बावीस पत्रं," ती हळूच म्हणाली. "कोणी काय लिहिलं, ते मी वीस जणांना विचारलं, एकविसावी मी स्वतः. कोणीच हापूस लिहिलेलं नाही. विचारायचे आता तुम्ही एकटेच राहिलात."

मी अर्ज वाचायच्या आधीच सही केली. मे महिना, ऐन हंगाम, पूर्ण एकतीस दिवस!