रामदास सरांच्या कपाळावरची अभिक्रिया

रामदास सरांचे केस पांढरे होते, याबद्दल बिबवेवाडीत कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकट्या सलिलची. हा सलिल एके काळचा सरांचाच विद्यार्थी, रसायनशास्त्रात काठावर पास झालेला, आणि आता सर ज्या क्लासमध्ये शिकवायचे त्या क्लासचा मालक. काठावर पास होणाऱ्यांचं पुढे हे असं भलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळवणारे त्यांच्याकडे नोकरीला लागतात.

गुरुवारी सकाळी सर चहा बशीत ओतत होते तेवढ्यात सलिलचा फोन आला.

"सर, लाइव्ह डेमो लेक्चर आजच घेऊ. ऑनलाइन बॅचचा फेस फायनल करायचाय. आधी तुमचं, मग अर्णवचं. मुलं ज्याला पसंत करतील तो."

"आणि ज्याला करणार नाहीत तो?"

"त्याला पेपर चेकिंग. राग मानू नका सर, पण जरा फ्रेश दिसून या. ते केसांचं तेवढं बघा. तासाभरात सुरू करू."

अर्णव सव्वीस वर्षांचा होता, दाढी कोरून घ्यायचा आणि वर्गात ऑक्सिजनला 'आपला ओटू भाई' म्हणायचा. सरांनी अख्खं आयुष्य खडूची भुकटी खाल्ली होती. आता या पोराने शिकवायचं आणि आपण घरी बसून लाल पेन चालवायचं? चहा तसाच ठेवून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि हेअर डायची दोन पाकिटं घेऊन आले.

सरांच्या बायकोने, प्रेमलाताईंनी, पाकीट उलटंसुलटं करून वाचलं. "अहो, अर्धा तास ठेवा म्हणून लिहिलंय. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे का?"

"लिहिणाऱ्याला केमिस्ट्री येत नाही," सर वाटीत क्रीम कालवत म्हणाले. "तापमान दहा अंशांनी वाढवलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात संहती, म्हणजे मिश्रणाचा दाटपणा, वाढवली की आणखी वाढतो. म्हणून दोन पाकिटं."

"आणि ते उत्प्रेरक का काय?"

"अर्णव."

प्रेमलाताई दारापर्यंत जाऊन थांबल्या. "आज गुरुवार आहे, लक्षात आहे ना?"

"मी वार पाळत नाही," सर म्हणाले, आणि सर्दीसाठी आणलेलं वाफेचं यंत्र त्यांनी बाहेर काढलं.

डोक्यावर टॉवेल घेऊन ते वाफेवर बसले. थोड्याच वेळात केस असे काळेभोर झाले की सर स्वतःवरच खूश झाले. कल्ल्यांपाशी मात्र थोडी पांढरी मुळं दिसत होती आणि वाटीत बरंच क्रीम शिल्लक होतं. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकून देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. सरांनी ते सगळं कल्ल्यांवर, कपाळाच्या कडेला, कानांमागे चोपडलं आणि धुवायला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

"मी सांगितलं होतं, गुरुवार आहे," बाहेरून प्रेमलाताई म्हणाल्या.

"मला वाटलं, गुरुवारी केसांना रंग लावू नये म्हणतेस. मी वार पाळत नाही."

"पाणीवाले पाळतात."

पिंपातलं एक तांब्याभर पाणी मिळालं. त्याहून जास्त मागितलं असतं तर रात्रीच्या जेवणाचा प्रश्न निघाला असता. सरांनी ते डोक्यावर ओतलं, बाकीचं टॉवेलने पुसलं आणि क्लास गाठला. तो दोन गल्ल्या सोडूनच होता. चेहरा आरशात स्वच्छ दिसत होता, कारण हे क्रीम मुळात पांढरटच असतं. काळं होण्याचं त्याचं काम हवेत आणि सावकाश चालतं, हे सर दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते.

क्लासच्या खोलीत दोन मोठे दिवे लावलेले होते आणि एसी बंद होता. "माइकमध्ये घरघर येते सर," कॅमेरा सांभाळणारा शंभू म्हणाला. सरांना दरदरून घाम फुटला. शंभूने दयेने गार पाण्याची बाटली दिली. ती कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवत सरांनी सुरुवात केली. धडा होता 'रासायनिक अभिक्रियेचा वेग'.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. मग स्क्रीनवर मुलांचे मेसेज यायला लागले. 'सर, कपाळाला काय लागलंय?' 'सर, फिल्टर आहे का?' 'सर, डार्क मोड ऑन झाला.' सलिल कॅमेऱ्यामागून हातवारे करू लागला. कोपऱ्यात बसलेल्या अर्णवने दाढी कुरवाळली आणि अत्यंत आदराने हसू दाबलं.

सरांनी समोरच्या स्क्रीनमध्ये पाहिलं. कपाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं, उजवा कान कोळसा झाला होता. झालं, लागा आता पेपर तपासायला. तेवढ्यात त्यांचं लक्ष डावीकडे गेलं. बाटली टेकवलेली होती तिथला गोल नुसता फिकट तपकिरी होता. सरांमधला मास्तर अपमान विसरला.

"एवढा वेळ लागला लक्षात यायला?" त्यांनी कॅमेऱ्यावर बोट रोखलं. "लेक्चर सुरू झालं तेव्हा कपाळ कसं होतं? आता कसं आहे? किती वेळात किती बदल झाला, तोच वेग. आता सांगा, डावी बाजू मागे का पडली?"

स्क्रीनवर 'तापमान, तापमान' असा पाऊस पडला. सृष्टी नावाच्या मुलीने लिहिलं, 'सर, पाच-पाच मिनिटांचे स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. ग्राफ काढू?'

"काढ. अक्षांना नावं दे, नाहीतर अर्धा मार्क कापीन."

अर्णवच्या लेक्चरला मुलं आली, पण अर्ध्या जणांनी एकच विचारलं, 'सर, तुम्ही काळे कधी होणार?'

संध्याकाळी प्रेमलाताई खोबरेल आणि बेसन लावून सरांचं कपाळ घासत होत्या. नळ अजून कोरडाच होता.

"निवड झाली," सर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र हरलेल्या माणसाचा होता.

"मग तोंड का पाडलंय?"

"सलिल म्हणतो, केसांकडे कुणी बघितलंच नाही. पण प्रत्येक धड्याला असाच प्रयोग पाहिजे. स्वतःच्या अंगावर."

"पुढचा धडा कुठला?"

सरांनी नाकावर ओघळलेलं बेसन पुसलं.

"ज्वलन."

प्रेमलाताईंचा घासणारा हात थांबला. त्यांनी एकदा कोरड्या नळाकडे पाहिलं.

"मग त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "गुरुवारी नको."