सावंतकाकांचं तिसऱ्या मजल्यावरचं जहाज

कुवेतच्या अब्बासियात तिसऱ्या मजल्यावर राहून "डेकवर पाणी सांडू नका रे!" म्हणून ओरडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तीन वर्षं त्याच्यासोबत राहिलोय. आमचे सावंतकाका फरशीला डेक म्हणायचे, स्वयंपाकघराला गॅली. खाली कुबूसच्या रोट्या आणायला जाणं म्हणजे 'किनाऱ्यावर' जाणं!

हे खूळ विलायतेतलं. इथल्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागण्याआधी काका तिकडच्या एका जुन्या बोर्डिंग शाळेच्या लॉन्ड्रीत होते. शाळा जमिनीवर, पण थाट सगळा आरमारी. पोरं खलाशांचे कपडे घालून बँडच्या तालावर जेवायला जायची. "शिस्त बघावी तर तिथे! तुम्ही म्हणजे निव्वळ गुरं," हे काकांचं पालुपद. आणि हा माणूस मालवणचा असून समुद्रात कधी गुडघ्याच्या वर गेलेला नाही!

दारामागे त्यांनी त्या शाळेतल्यासारखा फळा ठोकला होता. त्यावर काका, जाधव आणि मी, अशा खोलीतल्या तिघांच्या नावांच्या पाट्या. हिरवी बाजू म्हणजे जहाजावर, लाल म्हणजे किनाऱ्यावर. बाहेर जाताना आपली पाटी आपण लाल करायची. परत आल्यावर मात्र हात लावायचा नाही, घरात जो असेल त्याने ती हिरवी करायची. मी किंवा जाधव आलो की काका लुंगी सावरत धावत यायचे. त्यांची स्वतःची पाटी कायम लाल. "कप्तानच पळालाय!" म्हणून आम्ही खिदळायचो.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज शिरली. जाधव दूर दक्षिणेला वफ्राच्या शेतांवर पंप दुरुस्तीला गेलेला, फोनच्या लाइनी बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चपला घातल्या.

"काका, वेड लागलंय का? रस्त्यावर रणगाडे आहेत!"

"म्हणून काय आपला माणूस किनाऱ्यावर सोडायचा?" म्हणाले, आणि ओळखीच्या एका पठाणाच्या ट्रकमध्ये बसून गेले.

मी दिवसभर त्या फळ्यासमोर. चहा केला, तो प्यायलाच विसरलो. जीव नुसता टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी दार वाजलं. दोघं उभे! खजुराच्या पेट्यांमागे लपून आले होते. काकांच्या टकलाला दोन खजूर चिकटलेले. मी जाधवची पाटी हिरवी केली. मग काकांची केली.

काका पाटीकडे बघतच राहिले.

"आजवर कोणी केलीच नव्हती रे."

तीन वर्षं हा माणूस ड्युटीवरून घरी यायचा आणि आम्ही पत्त्यांतून उठायचोसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी लुंगीच्या टोकाने डोळे पुसले आणि लगेच खेकसले, "बघताय काय, गुरांनो? खजूर सांडलेत डेकवर, उचला!"