पहिल्याच हाकेला ओ

दत्ताअण्णांसमोर भुताची गोष्ट सांगणं म्हणजे कोर्टात साक्षीला उभं राहणं. आपण रंगात येऊन सांगत असतो, बाई पांढऱ्या साडीत आहे, पाय उलटे आहेत, आणि अण्णा शांतपणे विचारतात, "बघितलेला कोण?"

"माझ्या मेव्हण्याचा दोस्त."

"नाव? गाव? जित्ता हाय न्हवं?"

निम्मी भुतं इथंच गळतात.

अण्णा जन्मभर सर्व्हे खात्यात मोजणीदार होते. रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात, अण्णा भुतांना लागले. बेळगाव ते निपाणी, खानापूर ते चिकोडी, जिथं म्हणून काही 'दिसतं' असं कानावर येईल तिथं मोजणीची टेप घेऊन जायचं आणि पंचनामा करायचा. वहीत रकाने आखलेले असतात. ठिकाण, चतुःसीमा, सांगणारा, बघितलेला. गेल्या दोन वर्षांपासून त्यात आणखी एक रकाना आला आहे : आवाज. तो कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "असू दे."

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बेळगावात शिकायला आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझी खोली पत्र्याची होती, उन्हाळ्यात आत बसवत नसे. शेजारच्या अण्णांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, मला आपल्या सोप्यात अभ्यासाला बसवलं. माझ्या डिग्रीत त्यांच्या टेबलफॅनचा मोठा वाटा आहे. ते उपकार फिटणार नाहीत, पण अण्णांचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या वह्या मी नीट उतरवून देतो.

एकदा ते मला गुंजीला घेऊन गेले. तिथल्या रस्त्यावर एका वडाखाली एक बाई लिफ्ट मागते, असं निपाणी स्टँडवरच्या एका चहावाल्यानं त्यांना सांगितलं होतं. आम्ही भर दुपारी पोचलो.

"अण्णा, भुतं रातची येत्यात म्हणं."

"मोजणी उजेडातच करत्यात रं."

वड 'रस्त्याला लागूनच' आहे, असं चहावाला म्हणाला होता. अण्णांनी मला टेपचं टोक धरायला लावलं आणि लिहिलं : 'सव्वाअकरा फूट. विधान अतिशयोक्त.'

मग बघितलेल्याचा शोध. चहावाल्याचा साडू गुंजीतच होता. तो म्हणाला, "मी न्हाय बघितलं, लोंढ्याच्या मामांनी बघितलंय." लोंढ्याच्या मामांनी चिकोडीच्या व्याह्यांकडं बोट दाखवलं. पुढच्या रविवारी आम्ही चिकोडीला गेलो. व्याह्यांनी चहा दिला, चिवडा दिला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "आम्ही कुठलं बघतोय! पर बेळगावचा कोण एक मोजणीदार टेप लावून झाड मोजून गेलाय म्हणं. काय तरी असल्याबिगर सरकारी माणूस येतोय व्हय?"

परतीच्या बसमध्ये अण्णांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. हुक्केरी मागं पडल्यावर म्हणाले, "लिव्ह. बघितलेला : चौकशी चालू."

पण त्यांचा खरा जीव अडकला आहे तो 'नाळे बा'मध्ये. एक बाई दारोदार फिरते आणि आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली की संपलं. उपाय एकच, दारावर 'नाळे बा' लिहायचं. कन्नडमध्ये 'उद्या ये'. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते.

"ऑफिसात आम्ही दुसरं काय करत हुतो रं?" अण्णा म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या सगळ्या दारांची त्यांनी नोंद केली. कुठं कन्नड लिपीत, कुठं देवनागरीत, आणि वकिलांच्या दारावर दोन्हीत. दोन्हीत का, असं विचारल्यावर वकिलीणबाई म्हणाल्या, "ह्या भुताची बदली होऊन दुसरं आलं तर?" हे उत्तर अण्णांना इतकं पटलं की त्यांनी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. पण हाक स्वतःच्या कानानं ऐकलेला माणूस काही मिळेना. जो भेटेल त्याला ते विचारायचे, "आवाज हुबेहूब असतोय, का जरा फरक पडतोय?"

भूत एकदाच हाक मारतं म्हणून आमच्या गल्लीत पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरी हाक आल्यावरच कडी निघते. अण्णा मात्र पहिल्याच हाकेला ओ देतात. ताडकन उठून दार उघडतात, क्षणभर माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "तू हैस व्हय."

"मग कोण पायजे हुतं?" मी चेष्टा करायचो.

यंदा दिवाळीच्या आधी मी माझ्या दाराला रंग दिला. वाटीभर पांढरा रंग उरला. तो आणि ब्रश घेऊन मी अण्णांकडं गेलो.

"अण्णा, गल्लीत तुमचंच दार कोरं दिसतंय. आक्कांनी लिहिलेलं पुसलं गेलं वाटतं. मी लिहितो."

"थांब रं." त्यांनी माझा हात धरला. "पुसलं गेलं न्हाय. मी पुसलंय. तिच्या तेराव्याला. काथ्यानं घासून."

ते दारावरून बोट फिरवत राहिले.

"आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारती म्हणत्यात न्हवं? मग मारू दे की. एकदा ऐकाय मिळालं म्हंजे झालं. आणि 'उद्या ये' वाचून ती परत गेली तर? अक्षर तिचंच. लगीच ऐकायची." एवढं बोलून ते हसले. "फकस्त आवाज हुबेहूब असतोय का, ते सांगणारा एक बी गावंना."

मी रंग घेऊन परत आलो. त्या आठवड्यात उतरवायला आलेल्या वहीत आमच्या गल्लीचं पान होतं. शेवटच्या ओळीत अण्णांचंच घर. 'अक्षरे : पुसली. ऐकलेला : स्वतः.' त्यातलं 'स्वतः' खोडलेलं. पुढं आवाजाचा रकाना मोकळा.

मी तो तसाच मोकळा उतरवला.

आता कामावरून परस्पर अण्णांकडं जाताना मी दारात हाक मारत नाही. गल्लीच्या तोंडापासूनच स्कूटरचा हॉर्न वाजवत येतो. शेजारचे कावतात. कावू देत. अण्णा खुर्चीतून उठायच्या आधीच त्यांना कळलेलं बरं, की आलाय तो मी आहे.